आवाज पुढे, ओठ मागे

एल्स्पाकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती पडद्यावरच्या एका बुटाकडे बघत होती. माझ्याकडे मान न वळवताच म्हणाली, "दार लाव, वारा येतो. आणि हा बूट बघ. टेकला ना जमिनीला? आता थांब. ऐक. थाप आत्ता आली."

मी बघितलं. बूट आधी टेकला होता. थाप मागून आली होती.

"कुणाचा बूट आहे?" मी विचारलं.

"स्कालवीक गावच्या कुणाचा तरी. ते लोक सगळीकडे उशिरा पोचतात. पण या वेळी चूक त्यांची नाही, फितीची आहे."

मी आजोबांच्या व्हिडिओ फितींची पिशवी घेऊन गेले होते. पिशवी ठेवली, कॉफी प्यायले, घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. राजधानीत, तोर्शाव्नला, साहित्याची पदवी घेऊन मी नुकतीच सांदोय बेटावर परत आले होते. शाळेत अर्ध्या दिवसाचं काम होतं. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं ते ठरत नव्हतं. एल्स्पाने सत्तरी ओलांडली होती. आमची मैत्री कशी झाली याचं उत्तर तिच्याकडे मात्र तयार होतं.

"तू कमी बोलतेस आणि तुझी नजर चांगली आहे, रान्वा. माझ्या नवऱ्याकडे यातलं अर्धंच होतं."

"कुठलं अर्धं?"

"कमी बोलायचा."

नवरा म्हणजे हानुस. मासेमारीच्या मोठ्या जहाजावर इंजिनवाला होता. काही वर्षांपूर्वी होडीच्या शेडमध्ये जाळं आवरता आवरता गेला.

एल्स्पाने सगळा जन्म मासळीच्या कारखान्यात काढला होता. पट्ट्यावरून मासा यायचा, ती त्याचा काटा काढायची, मासा पुढे जायचा. निवृत्त झाल्यावर तिच्या हातांना काही सुचेना. म्हाताऱ्यांसाठी गावात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तिथे गेली. बाकीच्या बायका नातवंडांना फोटो पाठवायला शिकल्या आणि थांबल्या. एल्स्पा थांबली नाही. तिने जुनी व्हिडिओ यंत्रं गोळा केली, घरातल्या फिती कॉम्प्युटरवर उतरवल्या, मग शेजारणीच्या, मग गावाच्या. समुद्राखालचा बोगदा झाल्यावर इतर बेटांवरून लोक गाड्या घेऊन यायला लागले. आमच्याकडे फिती भरपूर. पुरुष महिनोन् महिने समुद्रावर, म्हणून बायका घरचं सगळं टिपायच्या आणि जहाजावर पाठवायच्या. बारसं, लोकर कातरणं, नवं छप्पर, मुलाचा पडलेला दात.

तिचं काम मला दिसायला सोपं वाटलं. तसं ते नव्हतं.

"फीत जुनी झाली की चित्र मधूनमधून गळतं," तिने मला समजावलं. "आवाज गळत नाही. म्हणजे चित्र आखूड होतं आणि आवाज तेवढाच राहतो. सुरुवातीला फरक कळत नाही. शेवटाला पोचेपर्यंत पाद्री तोंड मिटून बसलेला असतो आणि प्रवचन चालूच."

"मग?"

"मग ठोका शोधायचा. जो दिसतोही आणि ऐकूही येतो असा. कप बशीवर ठेवला. गाडीचं दार लागलं. हातोडा पडला. तिथे चित्र आणि आवाज एकमेकांना बांधायचे. मग पुढचा ठोका शोधायचा. दोन ठोक्यांच्या मधला आवाज थोडा आवळायचा, थोडा सैल करायचा. पण एक लक्षात ठेव. ओठांवर विश्वास ठेवायचा नाही. ओठ काहीही करतात. पाय खोटं बोलत नाहीत."

आमच्याकडे पायांची कमी नव्हती. लग्न असो, बारसं असो, शेवटी सगळे हातात हात घालून साखळी धरतात आणि नाचतात. दोन पावलं डावीकडे, एक मागे. वाद्य नाही. एकजण जुनं लांबलचक कथागीत उचलतो. कडवं तो पुढे नेतो, पालुपदाला सगळे. लाकडी जमिनीवर पावलं पडतात तोच ठेका. पदवीसाठी मी या गीतांवर प्रबंध लिहिला होता. त्यात पावलांचा उल्लेख नव्हता.

वसंतात सोल्रुनचा निरोप आला. सोल्रुन एल्स्पाची एकुलती एक मुलगी. डेन्मार्कात आर्हूसला असते. नवरा डॅनिश, एस्बेन. त्यांच्या लग्नाला शरदात पंचवीस वर्षं होणार होती आणि मेजवानीत तिला लग्नाची फीत दाखवायची होती. एल्स्पाने फोन माझ्यापुढे धरला. वाचून दाखवलं नाही. मीच वाचलं.

"नाचाचा भाग घे. आणि पापा जिथे दिसतो तिथे जमेल तेवढं कापून टाक. मला तिथे ते बघायचं नाही."

"का?" मी विचारलं.

एल्स्पाने पावाला रुबार्बचा मुरांबा लावला. बराच वेळ लावत राहिली.

"हानुससारखा गाणारा या बेटावर नव्हता," ती म्हणाली. "सगळी कडवी पाठ. शंभर, दीडशे, कितीही. सोल्रुन लहान असल्यापासून सांगायची, माझ्या लग्नात पापा गाणं उचलणार. पापाही म्हणायचा, उचलणार. लग्न झालं, जेवण झालं, खुर्च्या बाजूला केल्या, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने मान हलवली. नाही म्हणून. सोल्रुन त्याच्या जवळ गेली. नवरीच्या पोशाखात. म्हणाली, पापा, चल. त्याने पुन्हा मान हलवली. शेवटी शेजारच्या मार्युनच्या भावाने, सामलने, उचललं."

"पण का नाही म्हणाला?"

"जावई डॅनिश, परका, म्हणून. सगळ्यांना तेच कळलं."

"तो तसं म्हणाला?"

"तो कधी काही म्हणायचा का? मी त्या रात्रीपासून त्याला विचारत होते. पालथ्या घड्यावर पाणी. सोल्रुन गेली ती फारशी आलीच नाही. त्याच्या अंत्यविधीला आली, आणि कॉफी न घेता परत गेली."

मी माझा पाव खाल्ला.

फीत मार्युनच्या नवऱ्याने घेतलेली. मार्युन म्हणजे पलीकडच्या घरातली. तिचा नवरा उंच होता आणि बाकावर उभा राहिला होता, त्यामुळे सगळी साखळी वरून दिसत होती. फक्त सामल दिसत नव्हता. गाणं उचलणारा तो, पण त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. तोंड दिसत होतं ते हानुसचं. साखळीच्या वळणावर तो होता, अगदी समोर, उजेडात. एल्स्पा त्याच्या पुढे, मध्ये दोन माणसं सोडून.

"शेजारी का नाहीस?" मी विचारलं.

"हात धरणार होते का मी त्याचा, त्या दिवशी?"

एल्स्पाने नेहमीप्रमाणे ठोके बांधले. पण हानुस समोर आला की काहीतरी बिघडायचं. आवाज आधी यायचा, त्याचे ओठ मागून. फार नाही. डोळा मिटून उघडावा एवढंच. पण एकदा दिसलं की दुसरं काही दिसेना.

"फीत उलटी कशी बिघडेल?" एल्स्पा स्वतःशीच म्हणाली. "फितीत आवाज मागे पडतो. हा पुढे गेलाय."

मार्युन आली. तिला बोलवावं लागत नसे. तिने खुर्ची ओढली, बघितलं, आणि निकाल दिला.

"आवाज चुकलाय."

"पाय बघ ना, मार्युन. पाय जुळतायत."

"पाय गेले खड्ड्यात. हानुसच्या तोंडाकडे बघ. हानुस चुकेल? भरती चुकेल, हानुस चुकणार नाही. त्याच्यावर लाव."

एल्स्पा माझ्याकडे वळली. मला काय कळत होतं? पण मीही हानुसबद्दल लहानपणापासून ऐकलं होतं. बेटावर वाद झाला की हे कडवं आधी का ते, लोक म्हणायचे, हानुसला विचारा. मी म्हणाले, "हानुसवर लाव."

एल्स्पाने तिचा नियम मोडला. ओठांवर विश्वास ठेवला. तो सबंध तुकडा तिने हानुसच्या तोंडाला बांधला. बघितलं. हानुस सुरेख दिसत होता. शब्द त्याच्या ओठांवर नेमके येऊन बसत होते. आम्ही तिघी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मार्युन बहिणीला घेऊन आली, भाऊ दाखवायला. आणि उभीच राहिली.

"हे काय? माझा सामल असा नाचला?"

सामलचा पाय पडायचा, मग थाप यायची. त्याच्या पुढच्याचा पाय पडायचा, मग थाप. सगळी साखळी तशी. दोनशे माणसं ठेक्याच्या आधीच पाय आपटत होती, घाई झाल्यासारखी.

"सामलने आयुष्यात एक पाऊल चुकवलं नाही," मार्युन म्हणाली. "आणि तू त्याला बदक केलंस!"

"तूच म्हणालीस हानुसवर लाव."

"मी हानुसला बरोबर कर म्हणाले. गावाला चूक कर असं म्हणाले का?"

"मग आता काय? सगळं गाव चुकलं आणि एकटा माझा नवरा बरोबर?"

"तुझा नवरा तसाच होता," मार्युनची बहीण मध्येच म्हणाली. "त्याला कधी आपण चुकलो असं वाटलंच नाही."

एल्स्पाने पडदा बंद केला. कॉफी दिली. वाऱ्यावर सुकवलेलं मटण कापून दिलं. त्या गेल्यावर तिने सगळं पूर्ववत केलं, पायांवर. आता गाव बरोबर होतं. हानुस पुन्हा मागे.

"कापून टाकते," ती म्हणाली. "पोरगीला हेच हवंय. सोपं आहे. दोन ठिकाणी कापायचं आणि मधे हॉलचं छत टाकायचं."

तिने कापायची खूण सरकवली. मी तिच्या मागे उभी होते. मला वाटलं ती कापेल. तिने कापलं नाही. मागे गेली, पुन्हा लावलं. पुन्हा मागे गेली.

"रान्वा, त्याचे पाय बघ."

मी बघितले. हानुसचे पाय सगळ्यांबरोबर पडत होते. अगदी बरोबर.

"पाय बरोबर, आणि तोंड मागे," ती म्हणाली. "एकाच माणसाचं. असं कसं होईल?"

एका माणसाचं चित्र एकच असतं. पाय एका वेळेला आणि ओठ दुसऱ्या वेळेला असं फीत करू शकत नाही. मग कोण करत होतं?

"तो कुठे बघतोय?" मी विचारलं.

"माझ्याकडे. सबंध वेळ मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, माझा राग किती आहे ते मोजतोय." ती थोडं हसली. मग हसू थांबलं. "हे बघ. इथे मी गप्प झाले."

पडद्यावरच्या एल्स्पाने तोंड मिटलं. केस काळे, ओठ घट्ट. सगळा हॉल पालुपद गात होता.

"सोल्रुन एस्बेनचा हात धरून माझ्यासमोरून गेली आणि मला रडू यायला लागलं. म्हणून मिटलं."

हानुसने तोंड मिटलं. तिच्यामागून, क्षणभरानं. पालुपदाच्या अर्ध्यात. ज्याला दीडशे कडवी पाठ होती त्याने गाव गात असताना पालुपदाच्या मध्ये तोंड मिटलं आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मग पडद्यावरच्या एल्स्पाने गिळलं, आणि पुन्हा गायला लागली. हानुसचे ओठ हलायला लागले. क्षणभरानं.

एल्स्पाने ते थांबवलं. आम्ही दोघी थांबलेल्या चित्राकडे बघत बसलो. बाहेर कुणाची तरी मेंढी कुंपणाला अंग घासत होती.

"तो आवाजाच्या मागे नाही," एल्स्पा म्हणाली. "माझ्या मागे आहे."

"म्हणजे?"

"मला काय ठाऊक म्हणजे काय ते!" ती ओरडली. माझ्यावर ती पहिल्यांदाच ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हातारपणी तो बहिरा झाला होता. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे लग्न. तेव्हा तो पन्नाशीचाही नव्हता."

तिने फोन उचलला. ओली याकुपला लावला. तो स्कोपुनला राहतो. हानुसबरोबर एकाच जहाजावर होता. तो फोनवर नेहमी ओरडूनच बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"ओली याकुप, एक विचारायचंय. जहाजावर असताना हानुसला कमी ऐकू यायचं का?"

"कमी? ऐकू येतच कुठे होतं त्याला!"

"सोल्रुनच्या लग्नाच्या वेळी?"

"त्याच्या कितीतरी आधीपासून. डावा कान तर पार गेला होता. इंजिनखोलीत जन्म काढल्यावर काय उरणार? पण हात लावून सांगायचा इंजिनाला काय झालंय ते. पायाला कळतं म्हणायचा. आम्ही त्याला मागून हाक मारत नसू. खांद्यावर हात ठेवायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

पलीकडे ओली याकुप खाकरला.

"तुला? अगं, नवरा तुझा होता. मला वाटलं तुला ठाऊकच असणार. जहाजावर काम करायचा कागद जाईल म्हणून बाहेर बोलायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं होतं. बाहेर म्हणजे डॉक्टरसमोर असं मी समजलो."

"आणि डॉक्टरची तपासणी?"

"ते मला विचारू नकोस." मग तोच पुढे म्हणाला, "गाण्याचं मात्र त्याला लागलं होतं. म्हणायचा, स्वतःचा सूर ऐकू येत नाही, उंच गेला की खाली गेला कळत नाही, बाकीचे कुठे पोचले कळत नाही. दोनशे माणसांना घेऊन खड्ड्यात पडेन म्हणायचा."

एल्स्पाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्या फिती यायच्या ना," ओली याकुपला आता बोलावंसं वाटत होतं, "पडद्याला नाक लावून बसायचा. तू कॅमेऱ्याकडे तोंड केलंस की त्याला कळायचं. तू मेंढ्यांकडे वळलीस की मला कोपर मारायचा, काय म्हणाली? मी ओरडून सांगायचो. तुमचं गळकं छप्पर, तुझ्या बहिणीचं भांडण, सगळं मला पाठ आहे. तू त्याला शिव्या घातल्यास त्याही मीच सांगितल्या."

"त्याही?"

"मोठ्या गाळल्या."

फोन ठेवल्यावर एल्स्पा उठली, सिंकजवळ गेली, धुतलेला कप पुन्हा धुतला.

"तुला कधीच संशय आला नाही?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"रान्वा, या बेटावर कुठला पुरुष विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देतो? तो महिना-दीड महिना घरी यायचा. हूं म्हणायचा. टीव्ही मोठा लावायचा. माझा बापही तसाच होता, त्याचे कान शाबूत होते." तिने कप पुसला. "ओली याकुपला ठाऊक. इंजिनाला ठाऊक. मला नाही. इतकी वर्षं मी एका गोष्टीसाठी त्याच्यावर रागावले होते. ती गोष्ट झालीच नव्हती. आता हा राग कुठे ठेवू? आणि हा दुसरा, नवा?"

प्रबंधात मी लिहिलं होतं की कथागीतातली माणसं आपल्या मनातलं कधी उघड करत नाहीत, हे त्या गीतांचं सौंदर्य आहे. ते वाक्य मला आठवलं आणि बरं वाटलं नाही.

आठवड्याने सोल्रुनचा व्हिडिओ फोन आला. एल्स्पाने तो तुकडा तिला आधीच पाठवला होता, काहीही न सांगता. मी निघाले होते. एल्स्पाने माझी बाही धरली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले.

"मम्मा, पापा यात आहे," सोल्रुन म्हणाली. तिचा चेहरा हानुससारखा आहे. "मी काय सांगितलं होतं?"

"बघितलंस?"

"बघितलं. आणि आवाजही चुकलाय. पापाचं तोंड मागे आहे."

"आता मला बघ. त्याच्या पुढे, मधे दोन माणसं."

सोल्रुनने बघितलं असावं. आमच्याकडे गाणं बारीक आवाजात ऐकू आलं, मग थांबलं. मग तेवढंच पुन्हा. एल्स्पाने ओली याकुपचं बोलणं तिला सांगितलं. सगळं सांगितलं, शिव्यासुद्धा. सोल्रुनचा चेहरा हलला नाही.

"तू आवाज सरकवू शकतेस," ती शेवटी म्हणाली. "दिवसभर तू तेच करतेस. पापाला मागे टाकणं तुला काय अवघड? माझ्या मेजवानीसाठी तू हे बनवलंस."

मला वाटलं एल्स्पा आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिला प्रश्न आवडला असंच मला वाटलं.

"बनवता येतं," ती म्हणाली. "एकदा केलंही. त्याला बरोबर करायला गेले आणि सामल बदक झाला. आवाज एकच आहे, सोल्रुन. तो सरकवला की सगळ्यांचा सरकतो. मी त्याला मुद्दाम मागे टाकलं असतं तर त्याचे पायही मागे पडले असते. एस्बेनचे, तुझे, सगळ्यांचे. पाय बघ. तोंडं सोड. त्याचे पाय बघ."

पुन्हा गाणं लागलं. बराच वेळ चाललं. सोल्रुन पडद्याच्या फार जवळ आली होती, तिचं कपाळच दिसत होतं.

"पाय बरोबर आहेत," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यापेक्षा बरोबर आहेत."

"तुझे कधीच बरोबर नव्हते. तू एस्बेनचे मोजत होतीस."

सोल्रुन हसली नाही. "मग त्याने मला सांगितलं का नाही? मी समोर उभी होते. कानात बोलायचं होतं फक्त."

"मलाही नाही सांगितलं."

"तुझं तू बघ. मी माझं विचारतेय."

"मला ठाऊक नाही," एल्स्पा म्हणाली. "खरंच नाही. लाज असेल. कागदाची भीती असेल. दोनशे लोक ऐकत होते. मी त्याच्या डोक्यात काय होतं ते सांगायला लागले तर मीच खोटं बोलेन."

"मला अजून राग आहे."

"मलाही."

त्यांना राग नक्की कुणाचा होता ते मला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही नाही.

"कापू?" एल्स्पाने विचारलं.

"सांगते नंतर," सोल्रुन म्हणाली आणि फोन बंद झाला.

उन्हाळाभर तिने काही सांगितलं नाही. एल्स्पाने दोन तुकडे तयार ठेवले होते, एक हानुससकट आणि एक छताचा. इतरांच्या फिती करता करता ती मधेच फोनकडे बघायची. मार्युन रोज विचारायची, काय ठरलं. रोज एल्स्पा म्हणायची, तुझ्या सामलचं ठरलं, तो बरोबर आहे, आता घरी जा. हानुसचं खरं कारण मार्युनला तिने सांगितलं नव्हतं. ते सांगायचं की नाही हेही ती सोल्रुनवर सोडून बसली होती.

मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या सुमारास निरोप आला. "छत नको. सगळं राहू दे. आवाज आहे तसा."

मेजवानीला एल्स्पा गेली नाही. विमानाला घाबरते आणि ते कबूल करत नाही. दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती नुसतीच बसली होती. यंत्र बंद होतं.

"सोल्रुनचा फोन होता," ती म्हणाली. "फीत लागली. नाच आला. एस्बेनचा एक चुलतभाऊ आहे, टीव्हीत काम करतो. तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, इथे आवाज चुकलाय, त्या माणसाकडे बघा, मला द्या, मी पाच मिनिटांत ठीक करतो."

"मग?"

"सोल्रुन उभी राहिली. म्हणाली, आवाज बरोबर आहे. ते माझे वडील आहेत. त्यांना ऐकू येत नव्हतं, ते माझ्या आईकडे बघून गातायत. सगळ्यांना सांगितलं, डॅनिशमध्ये. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं."

"रडत म्हणाली की चिडून?"

"ते विचारायचं मला सुचलंच नाही." एल्स्पाने हात मांडीवर उलटे सुलटे केले. "माणसाने जन्मभर जे या बेटावर कुणाला कळू दिलं नाही, ते पोरीने हॉलभर डॅनिश लोकांना सांगून टाकलं. त्याला काय वाटलं असतं?"

मी विचार केला. "राग आला असता."

"आला असता," ती म्हणाली. "खूप आला असता."

ती उठली, दाराशी गेली, दार उघडलं आणि पलीकडच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "मार्युन! ये इकडे. हानुसचं काहीतरी सांगायचंय तुला."